नागलीची भाकर आणि पोटातली वस्ती



हरसूलच्या आठवडे बाजारात एक गोष्ट आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. आजूबाजूच्या पाड्यांवरून माणसे डोक्यावर नागली, वरई, उडीद, कुळीथ घेऊन येतात आणि व्यापाऱ्याच्या काट्यावर ठेवतात. परत जाताना पिशवीत तेल, साखर, चहापत्ती असते आणि मुलांसाठी बिस्किटांचे पुडे, कुरकुरीत तिखट नळ्यांच्या पुड्या असतात. आपल्या वस्तीतली घरेही आता त्याच दुकानावर जगतात. नागली बाहेर जाते आणि पुडा घरात येतो.

परवा विहारात वंदनेनंतर यावरूनच बोलणे निघाले. एक आजी म्हणाल्या, "आमच्या लहानपणी नागलीच होती, दुसरं काय होतं? आता पोरं म्हणतात काळी भाकर नको." त्यांची सून हळूच म्हणाली, "आत्या, पोरांना डब्यात काळी भाकर दिली तर शाळेत हसतात." सगळे गप्प झाले. म्हणून या अंकात काळ्या भाकरीबद्दल लिहायचे ठरवले. तिच्यात असे काय आहे आणि ती पोटात गेल्यावर काय करते, हे आज पाहू.

पोटात एक वस्ती आहे

आपल्या शरीरात सूक्ष्म जीवाणू राहतात. त्यांतले बहुतेक मोठ्या आतड्यात असतात. शास्त्रज्ञांनी २०१६ साली मांडलेल्या हिशेबानुसार एका माणसाच्या अंगात सुमारे ३८ लाख कोटी जीवाणू असतात. म्हणजे आपल्या स्वतःच्या पेशींच्या जवळपास बरोबरीने. सगळ्यांचे मिळून वजन मात्र भरते सुमारे २०० ग्रॅम.

"जंतू" म्हटले की आपल्याला आजार आठवतो. पण या वस्तीतले बहुतेक रहिवासी निरुपद्रवी आहेत आणि पुष्कळसे कामाचे आहेत. ते काही जीवनसत्त्वे तयार करतात, रोगजंतूंना जागा मिळू देत नाहीत आणि आपल्याला न पचलेले अन्न पचवतात. आपल्या वस्तीत जसे गवंडी, सुतार, शिवणकाम करणाऱ्या ताई, आशाताई असे प्रत्येकाचे काम वेगळे, तसेच तिथेही आहे. एकाचे काम बंद पडले तर दुसऱ्यालाही अडते.

ही वस्ती आपण जेवतो त्यातूनच जेवते. भात, साखर, मैदा, तेल यांतले बहुतेक सगळे लहान आतड्यातच शोषले जाते. मोठ्या आतड्यापर्यंत फारसे काही पोहोचत नाही. पुडा खाऊन आपले पोट भरल्यासारखे वाटते, पण खालची वस्ती उपाशी राहते.

तिथपर्यंत पोहोचते काय?

मुख्यतः दोन गोष्टी पोहोचतात.

पहिली, चोथा, म्हणजे तंतुमय भाग. धान्याचा कोंडा, डाळीचे साल, पालेभाजीचे देठ, कांद्या-लसणातली विशिष्ट साखर हे सारे आपल्या पाचकरसांना तोडता येत नाही. जीवाणू ते आंबवतात. त्यातून ब्युटिरेट नावाचे आम्ल तयार होते. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी आपली बरीचशी ऊर्जा त्यातूनच घेतात. ते मिळाले की अस्तर मजबूत राहते आणि आतली घाण रक्तात झिरपत नाही.

दुसरी गोष्ट कमी माहितीची आहे. झाडे स्वतःच्या बचावासाठी काही रसायने बनवतात. किडीपासून, बुरशीपासून, उन्हापासून ती झाडाला वाचवतात. जांभळाचा जांभळा रंग, आवळ्याचा तुरटपणा, चहाचा कडवटपणा, हळदीचा पिवळेपणा ही सगळी त्यांचीच रूपे. यांतल्या एका मोठ्या गटाला पॉलीफेनॉल म्हणतात. नागलीचा तांबूस-तपकिरी रंगही त्यांचाच, आणि ती दाण्याच्या सालीत सर्वांत जास्त असतात.

ही रसायने आकाराने मोठी असतात आणि चोथ्याला चिकटलेली असतात. म्हणून लहान आतड्यात त्यांतला थोडाच भाग शोषला जातो. उरलेला बहुतांश भाग मोठ्या आतड्यात उतरतो. तिथे जीवाणू त्याचे तुकडे करतात. त्या लहान तुकड्यांपैकी काही रक्तात जातात आणि यकृतापर्यंत, इतर अवयवांपर्यंत पोहोचतात. म्हणजे खाल्लेले रसायन जसेच्या तसे रक्तात जात नाही. जीवाणू त्याला आधी घडवतात.

डाळिंबाचे उदाहरण घेऊ, कारण आपल्या नाशिक जिल्ह्यात सटाणा-मालेगावकडे डाळिंबाच्या बागा आहेत. डाळिंबातल्या तुरट द्रव्यापासून काही जीवाणू युरोलिथिन नावाचे द्रव्य बनवतात. पण हे जीवाणू सगळ्यांच्या पोटात नसतात. त्यामुळे दोघांनी एकच फळ वाटून खाल्ले तरी एकाच्या रक्तात ते द्रव्य मिळते, तर दुसऱ्याच्या मिळत नाही. आपल्या आत कोण राहते, त्यावर अन्नाचा गुण ठरतो.

उलट बाजूनेही परिणाम होतो. ही रसायने काही जीवाणूंना वाढू देतात, तर काहींची वाढ दाबतात. त्यामुळे रोजचे खाणे बदलले की वस्तीतली माणसेही बदलतात.

आपल्या माणसांच्या पोटात कोण राहते?

पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी भारतीय माणसांच्या आतड्यातल्या जीवाणूंचा अभ्यास केला. डॉ. योगेश शौचे यांचे या क्षेत्रात मोठे काम आहे. २०१६ साली त्यांच्या गटाने दाखवले की भारतीयांच्या पोटात प्रीव्होटेला आणि मेगास्फेरा या नावांचे जीवाणू विशेष प्रमाणात आढळतात. प्रीव्होटेला हा धान्य, डाळी, भाजी असे चोथ्याचे जेवण जेवणाऱ्या लोकांमध्ये जगभर आढळतो. आफ्रिकेतल्या खेड्यांतही तो आहे. पिढ्यानपिढ्या आपण जे खाल्ले, त्यावर तो पोसला गेला आहे.

मग खाणे सुटले तर? याचे उत्तर २०१८ साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासाने दिले. थायलंडकडून अमेरिकेत स्थलांतर केलेल्या ह्मोंग आणि कारेन समाजाच्या स्त्रिया त्यात होत्या. तिथे पोहोचल्यावर वर्षाच्या आतच त्यांच्या पोटातले जीवाणू बदलू लागले. जितकी वर्षे तिथे काढली, तितके जीवाणूंचे प्रकार कमी होत गेले आणि प्रीव्होटेला घटला. तिथे जन्मलेल्या मुलींमध्ये हा बदल आणखी पुढे गेलेला होता.

हे वाचून आम्हाला हरसूल भागातली घरे आठवली. पाऊस संपला की माणसे द्राक्षबागांच्या कामाला, बांधकामावर, नाशिकला, गुजरातेत जातात. तिथे चूल मांडायला वेळ नसतो. चहा-खारी, वडापाव, पांढरा भात यावर महिने निघतात. परदेशी न जाताही आपले तेच स्थलांतर चालू आहे.

पण वस्ती पुन्हा वसवता येते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अमेरिकेतल्या २० कृष्णवर्णीयांना दोन आठवडे आफ्रिकेच्या खेड्यातले चोथायुक्त जेवण दिले, आणि दक्षिण आफ्रिकेतल्या २० खेडुतांना अमेरिकन पद्धतीचे मांस-चरबीचे जेवण दिले. अमेरिकेतल्या गटात ब्युटिरेट दुपटीहून अधिक वाढले. आफ्रिकेतल्या गटात ते निम्म्यावर आले. फक्त दोन आठवड्यांत. खाणे बिघडले तर नुकसान लवकर होते, आणि सुधारले तर फायदाही लवकर दिसतो.

हिशेब मांडून पाहू

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम नागलीत सुमारे ११ ग्रॅम चोथा असतो. १०० ग्रॅम पांढऱ्या तांदळात ३ ग्रॅमही नसतो. कॅल्शियम नागलीत ३६० मिलिग्रॅमच्या आसपास, तर तांदळात जेमतेम १० मिलिग्रॅमपर्यंत. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाच्या पोटात दिवसाला किमान २५ ग्रॅम चोथा जावा, आणि ४०० ग्रॅम भाज्या-फळे.

एका दिवसाचा हिशेब असा. नागलीच्या दीडशे ग्रॅम पिठाच्या भाकरी: सुमारे १६ ग्रॅम. पन्नास ग्रॅम कुळथाचे पिठले किंवा उसळ: सुमारे ४ ग्रॅम. शंभर ग्रॅम पालेभाजी: सुमारे ४ ग्रॅम. झाले २४. वर एखादा पेरू किंवा मूठभर जांभळे खाल्ली की २५ पार. याउलट दिवसभर दोनशे ग्रॅम तांदळाचा भात, पातळ वरण आणि बटाटा खाल्ला तर निम्म्यापर्यंत पोहोचणेही अवघड.

या २५ ग्रॅमसाठी कुठलीही पावडर, कुठलाही डबा लागत नाही. बाजारात "पोटातले चांगले जीवाणू" म्हणून महागड्या बाटल्या मिळतात. त्यांच्या नादी लागू नका. जीवाणू विकत आणले आणि त्यांना जेवायला काही दिले नाही, तर ते टिकणार कसे?

मुलांचे काय?

महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या शंभर मुलांपैकी ३५ मुले वयाच्या मानाने उंचीने खुजी आहेत, असे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसले. यात आपल्या वस्त्यांतली मुले आहेत, पाड्यांवरचीही आहेत.

ढाका शहरातल्या मीरपूरच्या गरीब वस्तीत डॉ. तहमीद अहमद आणि अमेरिकेतले डॉ. जेफ्री गॉर्डन यांच्या गटांनी एक काम केले. कुपोषित मुलांच्या पोटातली जीवाणूंची वस्ती वयाच्या मानाने कच्ची राहते, हे त्यांच्या लक्षात आले होते. म्हणून त्यांनी हरभरा, सोयाबीन, शेंगदाणा आणि कच्चे केळ यांच्या पिठांपासून, जीवनसत्त्वे आणि खनिजे घालून एक खाऊ बनवला. बारा ते अठरा महिन्यांच्या मुलांना तो तीन महिने दिला. दुसऱ्या गटाला नेहमीचा तयार पोषण-खाऊ दिला. नव्या खाऊत कॅलरी कमी होत्या, तरी त्या मुलांचे वजन अधिक चांगले वाढले. २०२१ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. मुलाचे पोट भरताना त्याच्या पोटातल्या वस्तीचाही विचार करावा लागतो, हे त्यातून कळले.

याचा अर्थ घरीच पिठे मिसळून कुपोषणावर उपचार करा असा नाही. बाळाला पहिले सहा महिने फक्त आईचे दूध. आईच्या दुधात अशी साखर असते जी बाळाला पचत नाही. ती बाळाच्या पोटातल्या जीवाणूंसाठीच असते. सहा महिन्यांनंतर दुधाबरोबर वरचे अन्न सुरू करा. नागली भिजवून, मोड आणून, वाळवून, दळून, वस्त्रगाळ केलेले सत्त्व चालेल, पण त्याबरोबर घोटलेली डाळ, भाजी, थोडे तेल, जमल्यास अंडे हवे. अंगणवाडीत दर महिन्याला वजन करून घ्या. दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला किंवा पायांवर सूज दिसली, तर घरगुती उपाय करत बसू नका. त्याच दिवशी आशाताईंना गाठा आणि सरकारी दवाखान्यात न्या.

झाडाचे रसायन नेहमीच गुणाचे नसते

झाडाने ते स्वतःच्या बचावासाठी बनवले आहे, हे विसरू नये. पावसाच्या तोंडावर येणारी शेवळं आपल्याकडे काकडाच्या फळांबरोबर शिजवतात. तसे न केल्यास घसा खाजतो, कारण त्यात ऑक्झलेटचे सुईसारखे कण असतात. कडूकंद तर नीट प्रक्रिया केल्याशिवाय खाताच येत नाही. रानभाजी ओळखणाऱ्या जाणत्या बाईला विचारल्याशिवाय नवी भाजी शिजवू नका. हे ज्ञान पुस्तकात कमी आणि पाड्यावरच्या आजींकडे जास्त आहे. त्यांच्याकडून ते लिहून घ्या.

दुसरी खबरदारी लोहाची. त्याच पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांपैकी ५४ स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. चहातले तुरट द्रव्य अन्नातल्या लोहाला बांधून ठेवते. म्हणून जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर लगेच चहा नको, मध्ये तासभर जाऊ द्या. नागलीतली काही द्रव्येही लोह अडवतात. पण दाणा भिजवला, मोड आणले किंवा पीठ आंबवून आंबील केली की हा अडसर कमी होतो. वर लिंबू पिळले की लोह अधिक शोषले जाते. आणि दवाखान्यातून मिळालेल्या लोहाच्या गोळ्या नागली खाता म्हणून बंद करू नका. त्या चहाबरोबर मात्र घेऊ नका.

तिसरी गोष्ट, वायू. एकदम भरपूर डाळी-कडधान्ये सुरू केली की पोट फुगते, कारण जीवाणू त्यातली साखर आंबवतात. कडधान्य रात्रभर भिजवा, ते पाणी फेकून द्या, नीट शिजवा आणि प्रमाण हळूहळू वाढवा. पाणी भरपूर प्या.

चौथी गोष्ट, जंतुनाशक गोळ्या, म्हणजे अँटिबायोटिक. त्या रोगजंतूंबरोबर आपली कामाची वस्तीही उठवतात. डॉक्टरांनी दिल्या तर सांगितल्याप्रमाणे पूर्ण घ्या. पण साध्या सर्दीला किंवा जुलाबाला दुकानातून स्वतःच आणून खाऊ नका. मुलाला जुलाब झाले तर आधी क्षारसंजीवनीचे पाणी आणि जस्ताच्या गोळ्या. शौचात रक्त दिसले, मूल पाणी पिईना किंवा मलूल पडले, तर लगेच दवाखाना.

काळ्या भाकरीची लाज

आता त्या सुनेच्या बोलण्याकडे वळू. मुले हसतात म्हणून काळी भाकर डब्यात जात नाही. ही लाज कुठून आली, हे आपल्यापेक्षा दुसरे कोण जास्त जाणते? मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या माणसांना मेलेल्या जनावराचे मांस आणि मागून आणलेले उष्टे तुकडे सोडायला सांगितले. आपल्या आजा-पणज्यांनी ते सोडले आणि उपाशी राहण्याची वेळ आली तरी मागे फिरले नाहीत. तो निर्णय अन्नाचा होता आणि स्वाभिमानाचाही होता.

पण त्या वेळी सोडायचे होते ते लाचारीचे अन्न. डोंगरउतारावर घाम गाळून पिकवलेली नागली लाचारीची कधीच नव्हती. गरिबीच्या आठवणी तिला चिकटल्या, म्हणून आपण तिलाही बाजूला सारले. आज तीच नागली शहरातल्या मोठ्या दुकानांत चकचकीत पाकिटात मिळते, आणि पिकवणाऱ्यांची मुले पुडा खातात. कुणी हसले म्हणून आपले चांगले सोडायचे का, हे आपणच ठरवायचे आहे.

या आणि पाहा

तथागतांनी सांगितले की धम्म ऐकून मानू नका, या आणि स्वतः पाहा. आरोग्याच्या गोष्टीतही हेच करावे. आमची विनंती एवढीच की दोन आठवडे आपल्या घरात हे करून पाहा.

१. दिवसातून एक वेळ नागली, ज्वारी किंवा बाजरीची भाकर. पीठ चाळून कोंडा फेकू नका.

२. रोज एक वाटी कडधान्य किंवा सालीची डाळ. कुळीथ, उडीद, मटकी, हरभरा आलटून पालटून.

३. रोज एक पालेभाजी. शेवगा, माठ, अंबाडी, टाकळा, जे हंगामात मिळेल ते.

४. हंगामी फळ: जांभूळ, करवंद, आवळा, पेरू. महागडे फळच हवे असे नाही.

५. मुलांच्या पुड्याऐवजी भाजलेले चणे-शेंगदाणे किंवा नागलीचा गुळातला लाडू.

ज्यांना मधुमेह आहे, मूत्रपिंडाचा आजार आहे किंवा पोटाची शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारूनच बदल करावा.

दोन आठवड्यांनी शौचास साफ होते का, पोट हलके वाटते का, दुपारी लवकर भूक लागते का, हे एका वहीत लिहा. आम्हीही आमच्या घरांत हेच करणार आहोत. पुढच्या वंदनेला वही घेऊन या आणि एकमेकींना वाचून दाखवा. आणि त्या दिवशी विहारातल्या अल्पोपाहाराला बिस्किटांचा पुडा न फोडता एखाद्या आजीच्या हातची आंबील ठेवू. लेकरे ती आजीच्या हातून, सगळ्यांच्या समोर पितील. त्यातूनच एखाद्या लेकराच्या डब्यात काळी भाकर न लाजता जाईल.

जय भीम. नमो बुद्धाय.